कोशिंबीर कुणी कडू केली?

"ऐकलंस का सुनंदा, सुतारांच्या साखरपुड्यात काय झालं?"

आक्कांची अशी हाक आली की मी गॅस बारीक करून मागल्या दाराने बाहेर येते. बंद करत नाही, न जाणो बातमी छोटी निघाली तर? ती कधी छोटी निघत नाही, ही गोष्ट निराळी. आमच्या दोन घरांमधलं कुंपण म्हणजे अर्धी मेंदी, अर्धी तार आणि मधोमध एक भगदाड. त्यातून वाट्या, विळे, कढीपत्ता आणि गावभरच्या बातम्या ये-जा करतात.

"काय झालं?"

"अननसाची कोशिंबीर कडूजहर झाली! मुलाकडच्या आत्यानं पहिला घास घेतला आन् तोंड असं केलं की बघवंना. आता सासू म्हणती, थोरल्या सुनेनं शिळं दही घातलं. सून म्हणती, विरजण रात्रीचंच होतं. दोघी बोलंनात एकमेकीशी."

"अननस दह्यात कालवला कधी?"

"पहाटंच म्हणं. ऐनवेळी घाई नको म्हणून. आन् पंगत बसली दोन वाजता."

"मग सून सुटली," मी म्हणाले. "दहीपण सुटलं. आरोपी अननस."

आक्कांनी विळा खाली ठेवला. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये निम्मं आयुष्य काढल्यामुळे दुधातल्या पाण्यापासून बांगडीतल्या सोन्यापर्यंत सगळं मला तपासता येतं, असा त्यांचा समज आहे. तो मोडायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

"कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात. त्याला एकच काम येतं, प्रथिनं तोडायचं. दह्यात दुधाची प्रथिनं भरपूर. पहाटे कालवलं, दोन वाजेपर्यंत ते बसलं तोडत. लांब साखळ्यांचे बारके तुकडे झाले आणि त्यातले काही तुकडे जिभेला कडू लागतात. दही नासलं नव्हतं, आक्का. कापलं गेलं होतं."

"मग आमच्या मावशीची कधी कडू होत न्हाई ती?"

"मावशी अननस साखरेत शिजवून घेत असतील."

"व्हय की. पाकात उकळती आन् गार करून दह्यात घालती."

"तेच. एन्झाइम हे स्वतःच एक प्रथिन. ते विशिष्ट घडी घालून बसलेलं असतं आणि सगळी करामत त्या घडीत असते. चांगली उकळी आली की घडी विस्कटते, मग काम बंद. डब्यातला अननसही म्हणूनच चालतो, तो भरताना तापवलेला असतो."

एखादीने इथे "असं होय" म्हणून विषय सुताराच्या आहेराकडे वळवला असता. आक्का चौथी शिकल्या, पण नेमकं कुठे बोट ठेवायचं ते त्यांना कळतं. म्हणाल्या, "पण एवढ्याशा फोडींनी पातेलंभर दही कसं कडू केलं? तोडून तोडून ते ब्रोमे का काय, संपायला नको?"

"संपत नाही. तीच तर गंमत. हा साखरपुडा जमवला कुणी?"

"बापूंनी. अजून कोण?"

बापूंना आमच्या पंचक्रोशीत न ओळखणारा माणूस नाही. स्थळं जुळवणं हा त्यांचा धंदा नाही, व्यसन आहे. टॉवेल, टोपी आणि नारळ एवढ्यावर माणूस खूश.

"बापू सुतारांचे व्याही झाले का?"

"ते कशाला हुतील? टोपी घातली आन् गेले आष्ट्याला, दुसरं स्थळ बघाय."

"एन्झाइम म्हणजे बापू. दोन पार्ट्यांना ओसरीवर आणायचं, नीट समोरासमोर बसवायचं, जमलं की दोघांना वाटेला लावायचं आणि आपण होतो तसेच मोकळे. म्हणून चिमूटभर एन्झाइमला पातेलंभर दही पुरत नाही."

आक्कांना हे इतकं पटलं की पुढचा अर्धा तास आम्ही बापूंच्याच ओसरीवर होतो म्हणा. कारण खरा प्रश्न पुढे आला. बापू नसते तर लग्न झालं नसतं का? आक्का म्हणाल्या, झालं असतं, पण पोरगी चाळिशीची झाली असती. बरोबर. दोन्हीकडून मनात असतं, पण पहिला शब्द कुणी टाकायचा, हुंड्याचं नाही म्हणत पण मानपानाचं कसं काढायचं, ह्या उंबऱ्यावर सगळं अडतं. रसायनातही तोच उंबरा असतो. पदार्थ बदलायला तयार असतो, पण मधली अवघडलेली अवस्था पार करायला जी ऊर्जा लागते ती जमत नाही. एन्झाइम तो उंबरा खाली आणतं. बाकी काही करत नाही.

"आन् दोघांच्या मनातच नसंल तर?"

"तर बापू काय करणार? नको असलेलं लग्न ते लावू शकत नाहीत. शेवटी किती घरं जुळतील आणि किती सुटी राहतील, हे मुळातच ठरलेलं असतं. तिथपर्यंत पोचायला किती वेळ लागणार, एवढंच एन्झाइमच्या हातात. आणि आक्का, गायकवाडांच्या फारकतीची बैठक कुणाच्या ओसरीवर झाली?"

"बापूंच्याच!" आक्का खदखदून हसल्या. "जुळवणाराबी त्योच, मोडणाराबी त्योच."

हेही अगदी खरं. एकच एन्झाइम क्रिया पुढेही नेतं आणि उलटीही आणतं. पारडं कुठे झुकतंय तिकडे. हे आमच्याकडे येणाऱ्या शिकाऊ केमिस्टांना समजावताना माझा घसा सुकायचा.

वेग किती वाढतो, हे सांगितलं तर आक्का मला खोटारडी म्हणतील असं वाटलं, तरी सांगितलं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं एन्झाइम आहे. श्वासातून टाकायचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरवायचं आणि फुप्फुसात परत मोकळा करायचं काम त्याचं. त्याचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख वेळा ते करू शकतो. आणि अमेरिकेतल्या रिचर्ड वुल्फेंडेन यांनी १९९५ साली एका दुसऱ्याच क्रियेचं गणित मांडलं. आपल्या डीएनएला लागणारा एक घटक बनवायची ती पायरी. एन्झाइम नसेल तर निम्मा माल बदलायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. एन्झाइम असलं की सेकंदाच्या आतबाहेर.

"सात कोटी," आक्का म्हणाल्या. "म्हंजे आमच्या जमिनीच्या केसपेक्षा जरा जास्त."

मग मी माझ्या हद्दीत शिरले. ऊस.

बाहेरच्यांना वाटतं, उसात साखर असते, तो कधीही तोडा, कधीही गाळा. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे शेतकऱ्याला कळतं की तोडलेला ऊस दुसऱ्या दिवशी कारखान्यात पडला पाहिजे. वाहन नाही मिळालं, मुकादम रुसला, गव्हाणीपुढे रांग लागली, की फडातली मोळी वाळत पडते. वजन घटतं ते डोळ्यांना दिसतं. पण आत दुसरंच चाललेलं असतं. उसातच इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते साखरेचा रेणू मधोमध फोडून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. चवीला गोडच, पण त्याचा दाणा पडत नाही. ते सगळं मळीत जातं, वर जाताना चांगल्या साखरेलाही दाणा धरू देत नाही. गुऱ्हाळवाल्याला विचारा, शिळ्या उसाच्या गुळाची ढेप का बसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर हे आणखी जोरात, कारण ऊन वाढलं की एन्झाइमचा हात चालतो. त्यात जंतू शिरले की ते आपली एन्झाइमं घेऊन येतात, मग तर विचारूच नका. तीच साखर आंबटपणा नसलेल्या नुसत्या पाण्यात, एन्झाइमशिवाय ठेवली, तर आपोआप फुटायला शेकडो वर्षं घेईल.

"आम्ही ते बघायचो कसं माहितीय का? रस घ्यायचा, लेड सबॲसिटेट टाकून निवळायचा, गाळायचा आणि लांब काचेच्या नळीत भरायचा. नळीत बुडबुडा राहिला की साहेबांची बोलणी. ती नळी पोलॅरिमीटरमध्ये ठेवून भिंगातून बघायचं. साखर उजेडाची पातळी उजवीकडे वळवते. साखर फुटून झालेलं मिश्रण डावीकडे वळवतं. ताज्या उसाचा आकडा आणि शिळ्या उसाचा आकडा शेजारी लिहिला की कुणाची मोळी किती दिवस पडली होती ते न विचारता कळायचं."

"म्हणून तुला सगळे फडवाले टरकून होते!"

"आणि आक्का, ह्याच यंत्रावर, ह्याच साखरेवर, ह्याच एन्झाइमवर एका बाईने जगाला धडा घालून दिला. १९१३ साली."

बाई म्हटल्यावर आक्का भगदाडातून अलीकडेच आल्या आणि आमच्या धुण्याच्या दगडावर बसल्या.

मॉड मेंटेन तिचं नाव. कॅनडाची. १९११ साली टोरांटोहून वैद्यकातली मोठी पदवी घेतली, त्या काळात तिकडे तशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या. मग एकटी बोटीने निघाली बर्लिनला, लिओनोर मिकाएलिस यांच्याकडे काम करायला. मिकाएलिस म्हणजे हुशार माणूस, पण विद्यापीठात धड खुर्ची नाही, एका इस्पितळातल्या लॅबमध्ये संसार मांडलेला. दोघांनी यीस्टमधलं इन्व्हर्टेज घेतलं, साखर कमी-जास्त केली आणि वेग मोजला. आधीच्यांनीही मोजला होता, पण ह्यांनी आंबटपणा एका पातळीवर धरून ठेवला आणि ताजं फुटलेलं ग्लुकोज थोडा वेळ आपला आकडा बदलत राहतं, तो घोळही निस्तरला. निघालं काय? साखर वाढवली की वेग वाढतो, पण एका मर्यादेनंतर कितीही ओता, तो जिथल्या तिथे.

"लगीनसराईत बापूंचं होतं तसं," आक्का म्हणाल्या.

माझ्या तोंडचं वाक्य त्यांनी पळवलं. एका वेळी ओसरीवर एकच बैठक. चार पार्ट्या आल्या तर चौघांची जमतील. चाळीस आल्या तर बापूंचा वेग तोच, बाकीचे मांडवाबाहेर. हे त्या दोघांनी सूत्रात बसवलं. आजही जगात कुठेही एन्झाइमचा अभ्यास करणाऱ्या पोराला पहिल्यांदा मिकाएलिस-मेंटेन समीकरणच शिकावं लागतं.

"मग तिला मोठी नोकरी लागली असंल."

"पिट्सबर्गला शिकवायची. चित्रं काढायची, क्लॅरिनेट वाजवायची, भाषा कितीतरी यायच्या. पूर्ण प्रोफेसर केलं तेव्हा सत्तरीला टेकली होती. निवृत्ती तोंडावर."

"आत्ता गं बाई!" आक्कांनी कपाळावर हात मारला. "आन् त्यो बाप्या?"

त्याची तऱ्हा निराळी. एमिल अब्डरहाल्डेन नावाच्या बड्या प्रस्थाने गर्भ ओळखायची एक चाचणी काढली होती. मिकाएलिसनी ती करून बघितली आणि सांगितलं, असं काही दिसत नाही. बरोबर तेच होते, पण जर्मनीत त्यांना दारं बंद झाली. १९२२ साली ते जपानला, नागोयाला गेले, तिथून अमेरिकेला. तिकडे त्यांनी दाखवलं की केसातलं केराटिन थायोग्लायकोलिक ॲसिडने सैल पडतं. पार्लरमध्ये केस कुरळे करायचं औषध त्यातूनच पुढे आलं. आक्कांना समीकरणापेक्षा हे जास्त आवडलं, हे मी लपवत नाही.

एवढ्यात त्यांची सून रेश्मा दूध घेऊन आली. ती डी.फार्म. झालेली, चौकातल्या मेडिकलमध्ये बसते. म्हणाली, "काकू, निम्मं कपाट इनहिबिटरनी भरलंय आमचं. ते सांगा की आत्यांना. मी सांगितलेलं त्यांना पटत नाही."

इनहिबिटर म्हणजे एन्झाइमच्या कामात कोलदांडा घालणारा. आणि कोलदांडा घालायच्या तीन तऱ्हा तर बापूंच्या ओसरीवर आक्कांनी स्वतः बघितलेल्या आहेत.

एक, ते तासगावचे. आठवतात? मुलगा बघायला म्हणून आले, चहा झाला, पोहे झाले, पत्रिका काढल्या. घरात लग्नाचं कुणी नव्हतंच. दिसायला स्थळ, बसले स्थळाच्या जागेवर, जुळायचं काहीच नाही. ते बसले तेवढा वेळ बापू अडकले. ह्यावर उपाय सोपा. खरी स्थळं इतकी आणा की असल्यांना जागाच मिळायला नको. स्पर्धा करणारे इनहिबिटर ते हे. दुसरे, बापूंच्या बंधूंसारखे. ते ओसरीवर येतच नाहीत. मागल्या दाराने येतात, वाटणीचं काहीतरी बोलतात आणि जातात. मग समोर पन्नास स्थळं बसली तरी बापूंचं डोकं चालत नाही. एन्झाइमच्या मूळ जागेला हात न लावता दुसरीकडे चिकटायचं आणि त्याची घडीच किंचित वाकडी करायची. इथे माल कितीही वाढवा, उपयोग शून्य.

"आन् तिसरा तो जावई," आक्का म्हणाल्या.

तिसरा तो जावई. आला, बाजेवर आडवा झाला, उठलाच नाही.

औषध काय आणि विष काय, मला विचाराल तर निम्मा निकाल ह्याच प्रश्नावर लागतो. बसलेला उठतो की नाही? पुस्तकात हे प्रकरणाच्या शेवटी, बारीक टायपात असतं. खरं तर ते पहिल्या पानावर पाहिजे.

आक्कांच्या मालकांना स्टेंट घातल्यापासून दोन गोळ्या चालू आहेत. त्यातली कोलेस्टेरॉलची, ॲटोरव्हास्टॅटिन, ही उठणारी. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून नव्हे, यकृतात तयार होतं. त्या कामाच्या साखळीत एक एन्झाइम नाक्यावर बसल्यासारखं आहे, त्याचं नाव एचएमजी-कोए रिडक्टेज. ते आवरलं की पुढचा माल कमी. स्टॅटिनचा एक भाग दिसायला त्या एन्झाइमच्या खऱ्या गिऱ्हाइकासारखा, पण चिकटतो त्याच्या हजारो पट घट्ट. तरी कायमचा नाही. म्हणून गोळी रोज.

पहिलं स्टॅटिन काढलं कुणी? अकिरा एंडो, जपानच्या उत्तरेकडच्या अकिता भागातलं शेतकऱ्याचं पोर, जन्म १९३३चा. लहानपणापासून अळंबी आणि बुरशीचं वेड. त्याने मनाशी धरलं, की एखादी बुरशी आपल्या शत्रूंना मारायला असलं एन्झाइम बंद पाडणारं काही करत असणार. १९७१ पासून सहा हजारांच्या वर बुरशी आणि जंतू तपासले. सापडलं ते क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत, १९७३ साली. आज जगभर कोट्यवधी लोक त्या कुळातली गोळी घेतात. एंडो २०२४ साली वारले, नव्वदीचे होऊन. नोबेल नाही मिळालं. ह्याबद्दल माझं मत मी रेश्मासमोर मोकळेपणी मांडलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

आक्का मधेच गंभीर झाल्या. "आन् ती मुंबईची दारू? मालवणीची?"

जून २०१५. मालाडच्या मालवणीत गावठी दारूत मिथेनॉल गेलं आणि शंभरावर माणसं मेली. आक्कांच्या माहेरचं कुणीतरी तेव्हा तिथे रिक्षा चालवत होतं, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या घरातली. मी सांगितलं ते त्या न हसता ऐकत होत्या. मिथेनॉल स्वतः तेवढं जहाल नाही. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे एन्झाइम त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक ॲसिड होतं, आणि ते डोळ्याच्या नसा मारतं, रक्त आंबट करतं. म्हणजे आपलंच एन्झाइम इमानाने काम करून आपल्याला मारतं. मग दवाखान्यात करतात काय? त्या एन्झाइमला दुसऱ्या कामाला लावतात. साधं अल्कोहोल, इथेनॉल, त्याला मिथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त पसंत. मोजून शिरेतून इथेनॉल देत राहिलं, तर एन्झाइम त्यातच गुंततं, आणि मिथेनॉल तसंच न बदलता डायलिसिसने बाहेर काढता येतं. फोमेपिझोल नावाचं औषधही आहे, तेही त्या जागेवर बसून राहतं.

"म्हंजे दारूवर दारू?"

"दवाखान्यात, डॉक्टरच्या हाताने, तासातासाला रक्त तपासत. घरी नव्हे, आक्का. हे तुमच्या दिराला सांगू नका."

"त्याला तर मुळीच न्हाई."

रेश्मा म्हणाली, "फवारणीचं सांगा." तिचा नवरा संजू टोमॅटोवर फवारतो, तोंडाला रुमाल गुंडाळून, आणि तिला ते मान्य नाही.

इथे मी हात आखडला नाही. नसेकडून स्नायूला निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन ह्या द्रव्याच्या हाती. निरोप पोचला की ते लगेच पुसायला हवं, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. पुसायचं काम ॲसिटिलकोलिनएस्टरेजचं, आणि तेही भलतं चपळ, एक रेणू सेकंदाला हजारो रेणू फोडणारा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं, मोनोक्रोटोफॉससारखी, नेमकी ह्याच्या कामाच्या जागी जाऊन जोडली जातात. किडीचं आणि माणसाचं हे एन्झाइम सारखंच, त्यामुळे औषध भेद करत नाही. मग तोंडाला फेस, डोळ्यांना पाणी, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंग थडथड उडणं आणि शेवटी श्वास. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीवर फवारताना शेकडो शेतकरी-मजुरांना बाधा झाली, वीसच्या आसपास जीव गेले. तिथे निरनिराळी औषधं एकत्र कालवून मारत होते, त्यात ह्या गटातलीही होती. आणि हा गट कुठून आला? जर्मनीत गेरहार्ट श्राडर किडीसाठीच औषध शोधत होता, १९३६ साली त्याला असं काही सापडलं की तोच गुदमरला. ते लष्कराने उचललं. टॅबून, मग सरिन. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ साली सोडलं ते सरिन. चुलत भावंडं आहेत ही.

"त्यो उठत न्हाई, व्हय?" आक्कांनी विचारलं. त्यांच्या लेखी आता एवढाच प्रश्न राहिला होता.

"आपणहून नाही. पण प्रॅलिडॉक्सिम नावाचं औषध, दवाखान्यात पाम म्हणतात, ते त्याला ओढून काढू शकतं. अट एकच, लवकर. काही तास गेले की तो असा मुरतो की मग पामही हरतं. शरीराने नवं एन्झाइम करेपर्यंत, आठवडेच्या आठवडे, थांबावं लागतं. तोवर ॲट्रोपिन देऊन जीव धरून ठेवायचा. म्हणून बाधा झाली की आधी कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. बाटली महत्त्वाची. कारण उसात टाकायचं ते दाणेदार कार्बोफ्युरान दुसऱ्या गटातलं, कार्बामेट. लक्षणं तीच, पण ते काही तासांत आपणहून सुटतं. डॉक्टरला कळायला नको, कोण बसलंय ते?"

"आन् मालकांची दुसरी गोळी?"

दुसरी ॲस्पिरिन, पंचाहत्तर मिलिग्रॅमची. ती न उठणाऱ्यातली. हे रेश्माने सांगितलं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं. रक्तातल्या ज्या बिंबिका एकमेकींना चिकटून गाठ धरतात, त्यांच्यात सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम चिकटायचा निरोप तयार करतं. ॲस्पिरिन त्या एन्झाइमला आपला एक तुकडा कायमचा डकवून देते. ती स्वतः रक्तात तासभरही धड टिकत नाही, पण डकवलेलं निघत नाही. दुसऱ्या पेशी नवं एन्झाइम बनवतात. बिंबिकेला केंद्रकच नसतं, ती बिचारी नवं बनवू शकत नाही; तिच्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात ती तशीच राहते. म्हणून एवढीशी गोळी रोज पुरते, आणि म्हणूनच दाढ काढायच्या आधी दातांचा डॉक्टर विचारतो की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मनाने बंद मात्र करायची नाही, स्टेंटवाल्याने तर नाहीच. ॲस्पिरिन ह्या एन्झाइमचं काम थांबवते, हे गुपित जॉन वेन यांनी १९७१ साली लंडनमध्ये उलगडलं. १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. गोळी मात्र त्याआधी सत्तरेक वर्षं लोक खातच होते.

"मग न उठणारा म्हंजे वाईटच, असं न्हाई," आक्का म्हणाल्या.

"कुठे बसलाय त्यावर आहे."

रेश्मा गप्प झाली होती. मग एकदम म्हणाली, "आत्या, मामंजी गुडघ्यासाठी काय घेतात हल्ली? माझ्याकडनं तर काही नेलं नाही."

"काय की. पिवळ्या पिशवीत आणत्यात स्टँडवरनं."

"ब्रुफेन?"

आता मलाही लक्षात आलं ती कुठे निघालीय. ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन, आणि ते त्याच सायक्लोऑक्सिजनेजच्या त्याच खोबणीत बसतं. ते उठणारं आहे, काही तासांनी निघून जाणारं. पण सकाळी गुडघा दुखतोय म्हणून आधी ते घेतलं आणि मागून ॲस्पिरिन, तर ॲस्पिरिन येते तेव्हा जागा भरलेली. तिला तेवढा वेळ थांबता येत नाही, ती रक्तातून विरून जाते. दुपारी आयबुप्रोफेन उठून जातं आणि बिंबिका मोकळ्या त्या मोकळ्या. गोळी रोज घेतली, असर नाही.

"म्हंजे ते तासगावचे बसले म्हणून जावयाला बाज मिळाली न्हाई?"

"अगदी."

"मग घ्यायची कशी?"

"स्टेंटवाल्याने दुखण्याची असली गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये," रेश्मा म्हणाली. "आणि डॉक्टर कधीमधी घ्या म्हणाले, तर साधी ॲस्पिरिन आधी, नंतर निदान अर्धा तास थांबून ब्रुफेन. पॅरासिटामॉलचं हे लफडं नाही. पण मी उद्या डॉक्टरना फोन करते."

आक्का उठल्या, साडीचा पदर खोचला आणि भगदाडाकडे न जाता तारेवरूनच ओरडल्या, "अवो! ती पिवळी पिशवी कुठं हाय? आन् सकाळधरनं कंची गोळी आधी खाल्लीसा?"

आतून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग मामंजींचा आवाज आला, "दोन्ही संगंच घेतो की मी. चहाबरोबर."